होविताचा ढिला हात

इक्वाडोरमधल्या रिओबांबाच्या बाजारात तीस वर्षं बटाटे विकून होविता गुआमानचा हात पार ढिला झाला होता. माप पुरं झालं तरी वर मूठभर टाकल्याशिवाय ती गिऱ्हाइकाला उठू देत नसे. या वरच्या मुठीला तिकडे यापा म्हणतात. गिऱ्हाइकानं ती हक्कानं मागायची असते, आणि न देणारीला बाजारात कुणी हिंग लावून विचारत नाही.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलांनी तिला घरी बसवलं. पण ही कसली बसतेय! महिन्याभरात तिनं गल्लीतल्या बायका गोळा केल्या.

"घाऊक बाजारातून पोती एकत्र आणू आणि आपसात सारखी वाटून घेऊ. दलालाचं पोट आपण का म्हणून भरायचं गं?"

बायका एका पायावर तयार झाल्या. घोडं अडलं ते गाडीपाशी. भाड्याची गाडी करायची तर वाचलेलं सगळं भाड्यातच जाणार. गल्लीत पिकअप एकच, नेप्ताली ओन्यातेची, आणि तो पडला मुलखाचा तिरसट.

"पहिल्याच वाटपाला एकमेकींच्या झिंज्या उपटाल," तो म्हणाला.

"मग एक टोपली तू घेऊन बघ ना! झिंज्या शाबूत राहिल्या तर गाडी देशील?"

"देईन, दर शनिवारी, फुकट. पण माझ्या टोपलीत एक बटाटा जरी कमी निघाला, तर पुन्हा माझ्या दाराशी यायचं नाही, होविताबाई."

बैठकीत होवितानंच बजावलं, "यापा-बिपा काही नाही हं! हा धंदा नव्हे, वाटप आहे. वरची मूठ म्हणजे शेजारणीच्या ताटातली मूठ."

शनिवार उजाडला. त्या एका खेपेपुरती भाड्याची गाडी केली होती. व्हॉलीबॉलच्या मैदानावर पोती उतरली आणि जत्राच भरली. बटाटे, वालाच्या मोठ्या शेंगा, मक्याची कोवळी कणसं! कुणीतरी गाणी लावली. शिवणकाम करणारी एल्विया तागडीला उभी राहिली आणि टोपल्या भरायला होविता. अंगात वारं शिरल्यासारखी ती भरत होती. प्रत्येक बाई टोपली पुढे करून सवयीनं म्हणे, "आणि यापा, ताई?" होविता हसून "नाही म्हणजे नाही!" म्हणे, आणि तेवढ्यात हात आपला पोत्यात जाऊन आलेला असे.

शेवटी नेप्ताली आला. त्याची टोपली निम्मी भरली आणि पोती संपली. एल्वियानं पोतं उलटं करून झटकलं, तर नुसती माती पडली.

होविताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "जीभ नियम सांगत होती आणि हात चोऱ्या करत होता," ती पुटपुटली. "गेली गाडी!"

"बोललो नव्हतो?" नेप्तालीनं हाताची घडी घातली.

"ए, थांबा गं सगळ्या!" एल्विया ओरडली. "यापा परत आणा आपापली!"

निघालेल्या बायका धावत माघारी आल्या. पण परत करताना मोजूनमापून टाकणं त्यांना कुठलं जमायला! घेतलं तेवढंच द्यायचं, हे काय बरं दिसतं? जिनं मूठ घेतली होती तिनं दोन टाकल्या. एल्वियाच्या सासूनं तर घरून चार अंडीही आणली. टोपली शिगोशीग भरली, सांडली, बटाटे मैदानभर गडगडले, आणि बायका हसून हसून त्यांच्यामागे धावू लागल्या.

"याला माप म्हणतात?" नेप्ताली करवादला. "सगळा सावळागोंधळ!"

त्यानं टोपली उचलून बघितली. ती जागची हलेना. पुन्हा जोर लावला, तशी कंबर धरली.

"मग गाडीचं काय?" होवितानं भीत भीत विचारलं.

"काय म्हणजे? हे धूड काय डोक्यावर नेऊ? आणतो गाडी." चार पावलं जाऊन तो वळला. "आणि पुढच्या शनिवारी पहाटे तयार राहा. मला उशीर खपत नाही."

मैदानावर जो कल्ला उठला, तो चर्चपर्यंत ऐकू गेला असेल.

गाडी आली. चौघींनी टोपली मागे चढवली. नेप्तालीनं पुढचं दार उघडलं आणि दुसरीकडेच बघत म्हणाला, "चढा, होविताबाई. गुडघे दुखतात ना?"

घराकडचा चढ तीस वर्षं तिनं पाठीवर पोती वाहून चढला होता. आज पुढच्या सीटवर बसून, खिडकीतून दोन्ही हात हलवत चढली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडानं ती खिदळत होती. घर आलं तरी उतरायला तयार होईना.

"आणखी एक फेरी मार रे," ती म्हणाली. "आणि हॉर्न वाजव की जरा!"