गॅरेजची जमीन

भुईगावचं घर आम्ही घेतलं तेव्हा त्याच्यासोबत एक गॅरेजही आलं. आमच्याकडे गाडी नव्हती, स्कूटरही नव्हती. घर विकणारे गृहस्थ त्याच वाडीत मागच्या बाजूला, नव्या घरात राहायचे. सत्तरीचे, उंच, ताठ. मी त्यांना अंकल म्हणायची. मुलाच्या टेम्पोसाठी त्यांनी ते गॅरेज बांधलं होतं. मुलगा त्यातून केळी आणि भाजी दादरला न्यायचा. पुढे तो कुवेतला गेला, टेम्पो विकला गेला, आणि काही वर्षांनी अंकलनी पुढचं घरही आम्हाला विकलं.

मी आधी मुंबईत एका छापखान्यात डीटीपी करायची. मुलगी झाल्यावर नोकरी सोडली. पण वसईतल्या शाळांच्या प्रश्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, लग्नपत्रिका अशी कामं घरी येऊ लागली. घरात दोनच खोल्या. मुलगी रांगत येऊन कॉम्प्युटरची वायर ओढायची. मग गॅरेजचं ऑफिस करायचं ठरलं. शटर काढून तिथे भिंत, दार आणि खिडकी, पत्र्याखाली छत, आणि जुनी जमीन सहा इंच उकरून नव्या लाद्या. एवढंच काम होतं.

मिस्त्री अंकलनीच सुचवला. "आमच्याच आळीतला आहे. दुसरा कोणी बघू नका, बाय." दुसरा का बघू नये, हे माझ्या मनात तेव्हाच आलं. पण नव्या गावात आमच्या ओळखीचा मिस्त्री तरी कुठे होता!

काम सुरू झालं आणि अंकल रोज येऊ लागले. सकाळी चर्चमधल्या मिस्साहून परतताना ते घरी जायच्या आधी गॅरेजमध्ये शिरायचे. कामाची चौकशी करायचे नाहीत. सरळ मागच्या कोपऱ्यात जायचे, काठीने जमीन ठोकायचे, कान देऊन ऐकायचे. मी चहा घेऊन गेले की म्हणायचे, "काही नाही, बाय. आलो होतो सहज." सहज आलेला माणूस रोज त्याच कोपऱ्यात कशाला उभा राहील?

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, म्हातारा माणूस आहे. जुन्या घराची ओढ असणार."

"मग घराकडे बघावं. गॅरेजच्या कोपऱ्याकडे काय बघतात?"

चौथ्या दिवशी मी त्या कोपऱ्यात डोकावले तर कमरेइतका खड्डा. मिस्त्री आत उभा राहून माती उपसत होता.

"मी सहा इंच सांगितलं होतं ना?"

"वहिनी, इथली माती कच्ची आहे."

"कच्ची म्हणजे?"

"कच्ची म्हणजे कच्ची," तो म्हणाला आणि मागच्या घराकडे बघून पुन्हा फावडं मारायला लागला.

त्या दिवसापासून मी स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून भाजी निवडू लागले, कारण तिथून गॅरेज दिसायचं. खड्ड्यात काहीतरी पुरलेलं असेल आणि हे दोघं ते शोधत असतील, असाही एक विचार येऊन गेला. मग दुसरीच गोष्ट लक्षात आली. अंकलच्या मोडलेल्या गोठ्याचे काळे दगड कुंपणापाशी रचलेले असायचे. तो ढीग रोज थोडा कमी होत होता. मी गॅरेजमध्ये जाऊन पाहिलं, तर ते दगड आमच्या खड्ड्यात. म्हणजे यांच्या गोठ्याचा राडारोडा आमच्या जमिनीत गाडायचा आणि मजुरी आम्ही द्यायची! मी टेप घेऊन कुंपणापासून गॅरेजच्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजलं आणि कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं. कुंपणं कशी हळूहळू पुढे सरकतात, याच्या गोष्टी छापखान्यात खूप ऐकल्या होत्या.

अंकल आणि मिस्त्री एकमेकांशी गावच्या बोलीत बोलायचे. ती मला धड कळायची नाही. मी गेले की गप्प व्हायचे, किंवा एकदम शाळेतल्यासारखं मराठी बोलायला लागायचे. एकदा मी भिंतीआड उभी राहिले. बोलण्यात एकच शब्द तीन वेळा आला, बावखल. आणि मग मिस्त्रीने माझ्याबद्दल काहीतरी विचारलं, त्यावर अंकल चटकन म्हणाले, "नको, नको."

मला वाटलं, बावखल हे कुणाचं तरी आडनाव. गावात आडनावं निराळी होतीच. जागेवर या माणसाचा हक्क असणार आणि तो आमच्यापासून लपवलाय. त्या संध्याकाळी मी मिस्त्रीला सांगितलं, "उद्यापासून येऊ नका. निरोप पाठवीन." त्याने हत्यारं गोळा केली. मी गॅरेजला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने रजा काढली. मुलीला घेऊन आम्ही तलाठ्याकडे गेलो. त्यांनी सातबारा दाखवला. त्यावर आधी अंकलचं नाव होतं, आता आमचं. मी म्हटलं, "आणि बावखल?"

"कोण?"

"बावखल नावाच्या कुणाचा हक्क आहे का या जमिनीवर?"

तलाठ्यांनी चष्मा काढला. "बाई, बावखल म्हणजे माणूस नव्हे. वाडीला पाणी द्यायला खणलेलं तळं. तुम्ही येता-जाता बघत असाल की." मग त्यांनी सातबारा पुन्हा हातात घेतला. "का हो? तुमच्या जागेत आहे का?"

बसमध्ये तो कोपरा, काठी, खड्डा, दगड, सगळं एका ओळीत येऊन बसलं. लाज वाटायला हवी होती. पण आधी राग आला. आमचं गॅरेज बुजवलेल्या तळ्यावर उभं होतं आणि ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

घरी पोहोचलो तर अंकल कुलपासमोर उभे.

"काम का थांबवलं, बाय?"

"अंकल, गॅरेजखाली बावखल आहे?"

त्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. "अर्धं," म्हणाले. "मागची बाजू. मीच बुजवलं. पोराच्या टेम्पोसाठी. घाईत बुजवलं, नुसती माती टाकली. एकदा टेम्पोचं मागचं चाक हातभर खाली गेलं होतं. खालून अजून पानी येतं."

"हे विकताना सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर घेतलं असतंत?"

खरं म्हणजे घेतलं नसतं.

नवऱ्याने विचारलं, "मग आता चोरून दगड कशाला भरत होतात?"

"तुम्ही ऑफिस करणार म्हणालात. बाय तिथे दिवसभर बसणार. मला झोप लागेना. मिस्त्रीला म्हटलं, तळापासून दगड भर, गाळ सगळा काढ. पन बायला कळू देऊ नको. कळलं तर म्हणेल, मला फसवलं."

"फसवलंच आहे," मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले. "फसवलं आहे."

ते कुंपणाच्या फटीतून निघून गेले. मी दोन दिवस धुमसले. नवरा म्हणाला, "भांडायचं असेल तर भांडू. पण खड्डा तसाच आहे, त्यात पाणी भरतंय." मी जाऊन मिस्त्रीला परत बोलावलं आणि बजावलं, की आता प्रत्येक दगड माझ्यासमोर पडला पाहिजे. अंकल खुर्ची घेऊन आले. आम्ही दोघं समोरासमोर बसलो, मी उंबऱ्याशी, ते खिडकीशी. मिस्त्री दगड लावायचा, चिपांनी फटी भरायचा, धुमसाने ठोकायचा. अंकल एखादा दगड परत काढायला लावायचे. आठ दिवस आम्ही एकमेकांशी मोजकंच बोललो. शेवटी जमीन हातभर उंच घेतली, वर काँक्रीट घातलं, मग लाद्या.

त्या खोलीत मी अकरा वर्षं काम केलं. पावसाळ्यात कागद ओला व्हायचा, प्रिंटरमध्ये अडकायचा, म्हणून कपाटात बल्ब लावून त्यात कागद ठेवायची. जमीन खचली नाही. पण टेबल मी पुढच्या बाजूलाच ठेवलं, आणि अंकल कधी केळ्यांचा फणा घेऊन आले की माझ्या मनात हटकून यायचं, आता आणखी काय सांगायचं राहिलंय?

चौथ्या वर्षी त्यांच्या नातीचं लग्न ठरलं. पत्रिका माझ्याकडेच दिली. मी प्रूफ काढून दिलं. त्यांनी चष्मा लावून ओळीओळीवर बोट ठेवत ते दोनदा वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि म्हणाले, "एकदा फादरना दाखवून आणतो."

"माझ्यावर विश्वास नाही का, अंकल?"

"तुझ्यावर आहे, बाय," ते म्हणाले. "तरी पन दाखवतो."

अर्ध्या तासाने परत आले. फादरना एक चूक सापडली होती. चर्चच्या नावातली.