आईचा डोळा आणि तीन ॲप

माझं डोकं लवकर तापतं, हे आमच्या वाळूजच्या कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पण तुम्हीच सांगा, एकच काम तीन ठिकाणी नोंदवायचं म्हटल्यावर कुणाचं तापणार नाही? मी डिस्पॅचला आहे. गाडी भरून गेली की पुण्याच्या हेड ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहायचं, मग साहेबांनी हौसेनं आणलेल्या नव्या ॲपमध्ये लिहायचं, आणि शेवटी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं. कारण साहेब स्वतः पहिली दोन्ही उघडतच नाहीत.

त्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आलं. मोतीबिंदू. आई पिशोरला एकटी राहते आणि माझ्या न मिळालेल्या सुट्टीपायी हे ऑपरेशन आधीच पुढं ढकललेलं. या खेपेला तिनं बजावलं, "आता नाय आलीस तर मी आंधळी राहीन, पर पुन्हा दवाखान्याचं नाव काढायचं नाय." शहरातल्या दवाखान्याचीही अट होती, सहीला घरचं माणूस हवं, नाहीतर पेशंटला परत पाठवणार.

मी सुट्टी मागितली. व्हॉट्सॲपवर साहेबांनी अंगठा दिला. पुण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अर्ज लोंबकळत राहिला. नव्या ॲपमध्ये सुट्टीची सोयच नव्हती. साहेब म्हणाले, "टास्क म्हणून टाका ना!" टाकला. 'आईचा डोळा, शनिवार, सकाळी दहा.' खाली दवाखान्याचा पत्ता आणि आईचा नंबर.

शनिवारी सकाळी आई एसटीनं परस्पर दवाखान्यात निघालेली, इकडं मी स्कूटी काढतेय, तोच साहेबांचा फोन. तीनपैकी एकच ॲप ठेवायचं, ते आजच ठरवायचं, पुण्याची मंडळी व्हिडिओवर येणार. "मॅडम, तिन्ही नीट भरणाऱ्या तुम्ही एकट्याच. दहा मिनिटांत सोडतो."

दहा मिनिटं म्हणे! अहो, तेवढा वेळ तर पुण्याचा आवाज येण्यातच गेला. सगळ्यांचे फोन दाराशी टोपलीत, हा साहेबांचा नियम. साहेब नव्या ॲपचं कौतुक करणार, पुणे आपल्या सॉफ्टवेअरचं, आणि मी मध्ये घड्याळाकडं बघत बसलेली. शेवटी पुण्याहून एकजण म्हणाला की तिन्हींची तुलना करून देणारं एक चौथं ॲप बाजारात आलंय.

"घाला ते चुलीत!" असं म्हणून मी उठलेच.

टोपलीतून फोन काढला तर आईचे मिसकॉल. लावला तर उचलेना. दहा वाजून दीड तास उलटला होता. नगर नाक्याच्या सिग्नलला मला रडू फुटलं. आई परतीच्या एसटीत बसली असणार, आणि ती बोलली तसंच करते. शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "दीदी, सिग्नल छूट गया." त्याच्यावरही मी खेकसले.

दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीबाहेर आमचे क्वालिटीवाले दादा बसलेले. हे दादा बिडकीनचे. बोलणं कमी, पण नावावर आलेलं काम संपल्याशिवाय जेवायलासुद्धा उठणार नाहीत. मांडीवर आईची पिशवी, हातात तिचा चष्मा.

"दादा, तुम्ही इथं?"

"टास्क आला ना, मॅडम."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. नव्या ॲपची खोडच ती, वेळ टळली की काम आपोआप कारखान्यातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर जातं. दहाच्या ठोक्याला आई त्यांच्या नावावर गेली होती.

"आणि तुम्ही लगेच निघालात? कुणाला विचारायचं तरी!"

"गेटवर वॉचमननंच इचारलं, कुणाची आई? म्हणलं, तसं काय लिहिलेलं नाय. फोन लावला तर आई म्हणल्या, मी निघाले पिशोरला. मग बस स्टँडवरून घेऊन आलो गाडीवर."

"सही कुणी केली?"

"मी. नात्याच्या रकान्यात सहकारी लिव्हा म्हणलं तर काउंटरवरच्या बाई ऐकंनात. मग आईच म्हणल्या, पोरगा लिव्हा."

मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्याच वेळी त्याचा भयंकर रागही आला. तेवढ्यात नर्सनं आईला बाहेर आणलं. एका डोळ्यावर पट्टी. उघड्या डोळ्यानं तिनं आधी दादांना शोधलं, मग मला बघितलं.

"तू दर बारीला येते म्हणतीस," ती म्हणाली. "ह्यो काय बी न म्हणता आला."

 

दादांनी खिशातून फोन काढला. "आई, झालं ना? ॲपमध्ये झालं म्हणून हिरवं करू का?"

"थांब रं. घरी पोचल्याबिगर कशाचं झालं? तू सोड मला पिशोरला. हिची मिटिंग असंल."

मी दादांच्या हातातून पिशवी हिसकावली, चष्माही घेतला. "द्या इकडं! माझी आई आहे, मी नेते. महिनाभर तिथंच राहते, कुणाला काय करायचं ते करू द्या!"

आईनं माझ्या दंडाला धरलं. घट्ट.

दादा फोनमध्ये बघत अडचणीत पडल्यासारखे उभे होते. "मॅडम, मग आई तुमच्या नावावर करावी लागंल," ते म्हणाले. "तिन्हीकडं करू?"