चाकाखालचा धोंडा

फोन आला तेव्हा मी एका ट्रॅक्टरखाली आडवा होतो. हात ग्रीसनं माखलेले, म्हणून फोन कान आणि खांद्यात दाबून धरला. माझ्या दोस्ताची, हिरामणची मुलगी सुजाता बोलत होती. "काका, बाबा गेले. सकाळी सहाले." मी म्हणालो, "बरं." एवढंच. पंक्चर काढून ठेवा असं कोणी सांगितल्यावर म्हणतो ना आपण, तसलं "बरं". मग तीन नट राहिले होते ते आवळले, एकेक करून, नीट, जरा जास्तच. बाहेर आलो, हात धुतले, गॅरेजात दोन गिऱ्हाईकं बसली होती त्यांच्यासाठी चहा मागवला. कामठ्याला, त्याच्या गावी, निघायचं आहे हे डोक्यात होतं, पण पाय काही उचलत नव्हते. या गोष्टीला दीड महिना झाला. भेटेल तो विचारतो, मिस्त्री, बरे आहात ना? काय सांगू... बराही नाही आणि वाईटही नाही. थंडीत बोटावर हातोडी बसली की पहिल्यांदा काहीच कळत नाही. तसं चालू होतं. फक्त ते "पहिल्यांदा" संपतच नव्हतं.

शेवटची भेट तो जाण्याच्या तीन दिवस आधीची, गोंदियातल्या दवाखान्यातली. नाकात नळी, हातात सुई, आणि हा गडी मला म्हणतो, "मिस्त्री, धोंडा पाहून घेजो बे. चाकाखालचा." मी हसलो. म्हटलं, तूच ये ना घरी आणि पाह्य. तर म्हणाला, "येतोच ना. यंदा धान निघालं की जीप बनवूनच टाकू." मी म्हणालो, "हो. यंदा पक्कं." हे वाक्य मी सहा वर्षं म्हणत आलो होतो. दवाखान्यातही म्हटलं, त्याच सुरात, आणि वर त्याच्या पायावरची चादर सारखी केली.

हिरामण कामठ्याचा. तीन एकर धान, घरामागं बोडी, म्हणजे आमच्याकडचं छोटं तळं, आणि त्या बोडीच्या मातीच्या उंच पाळीवर उभी असलेली एक जीप. नव्व्याण्णव साली कुठल्याशा सरकारी लिलावातून त्यानं ती आणली, आणि आणली ती थेट माझ्या कुडव्याच्या गॅरेजात. खरं म्हणजे आणली नाही, बैलांनी ओढून आणवली. हिरवा रंग उडालेला, ताडपत्री फाटलेली, पण चारही चाकांना इंजिनची ताकद मिळायची. चिखलातून, बांधीतून म्हणजे धानाच्या खाचरातून, नाल्यातून निघून जाणारी गाडी. मी म्हटलं, "अबे, तुले कायले पाह्यजे हे?" तर म्हणे, "पावसाळ्यात आमच्या गावातून बाहेर निघून दाखव, मंग विचारजो." आठ दिवस आम्ही दोघं तिच्या मागं लागलो. इंजिन जागं झालं, ब्रेक लागायला लागले. सेल्फ मात्र काही केल्या बोलेना, आणि हँडब्रेक नुसता नावाला. हिरामण म्हणाला, राहू दे, माह्याकडं पाळ आहे.

आमचा मुलुख म्हणजे जमिनीवर पाणी ओतलं तरी वाहून जाणार नाही इतका सपाट. उतार शोधायचा तर बोडीच्या पाळीवरच जावं लागतं. तिथं तो जीप नाक खाली करून उभी करायचा आणि पुढच्या चाकाखाली एक काळा धोंडा लावायचा. निघायचं असलं की धोंडा काढायचा, गाडी घरंगळू द्यायची, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा. भुर्रर्र... चालू. परत आला की पहिलं काम धोंडा. संध्याकाळी हात-पाय धुऊन जेवायला बसण्याआधी एकदा पाळीवर जायचं, टाचेनं धोंड्याला दोन लाथा हाणायच्या आणि घराकडं तोंड करून ओरडायचं, "हाय जागेवर!" मगच वहिनी ताट वाढायची. मी कितीदा त्या घरी जेवलो असेन, पण हे ओरडणं झाल्याशिवाय मला तिथं भूक लागत नसे.

त्या गाडीनं काय काय वाहिलं! धानाची पोती, जयंतीच्या मिरवणुकीतले लाऊडस्पीकर, नवऱ्या मुली, अडलेल्या बाया. माझ्या बायकोचं माहेर कामठ्याचंच. पहिल्या बाळंतपणाला ती तिथं होती आणि नाला दोन्ही थड्या भरून वाहत होता. हिरामणनं तिला आणि माझ्या सासूला गाडीत बसवून बांध्यांमधून, शेताच्या धुऱ्यांवरून उड्या मारत गोंदियाला पोचवलं. माझी मुलगी आज कॉलेजात आहे. त्याचे उपकार वगैरे शब्द मी कधी काढले नाहीत. एकदा काढायला गेलो तर म्हणाला, "चूप बे, तुही सासू पूरा रस्ताभर मले शिव्या देत होती."

बिरसीच्या विमानतळावर बाहेरगावची पोरं विमान चालवायला शिकतात. त्यातली एक पोरगी एकदा रस्त्यात जीप पाहून थांबली. "अंकल, एक बार चलाने दो ना." हिरामणला कोणी गाडीचं कौतुक केलं की तो विरघळायचा, त्यानं दिली. त्या बाईनं गाडी सरळ रस्त्यावरून उचलून एका रोवलेल्या बांधीत नेऊन बसवली, चारही चाकं चिखलात आणि इंजिन बंद. सहा माणसांनी ढकलून ती बाहेर काढली. पोरगी रडकुंडीला आलेली. हिरामण तिला म्हणाला, "तुमचं विमानच बरं, बाई. वरतं बांध्या नाई राहत." ही गोष्ट तो लग्नात, मयतीत, कुठंही सांगायचा, आणि दर वेळी ढकलणारी माणसं दोन-दोननं वाढायची.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो, नाही तर या लिहिण्याला काही अर्थ नाही. सहा वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात गाडी बंद पडली. धोंडा काढला, ती घरंगळली, खाली जाऊन उभी राहिली, पण इंजिन बोललं नाही. आठ जणांनी ढकलून पुन्हा पाळीवर चढवली, चाकाखाली धोंडा लावला आणि हिरामणनं मला बोलावलं. मी खाली शिरलो. आमची एक रीत असते. पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घेऊन चेसिसच्या लोखंडी सांगाड्याला टोचत जायचं. जिथं लोखंड जिवंत आहे, वेल्डिंग धरेल, तिथं खडूची रेघ मारायची. रेघा जास्त झाल्या तर गाडी बनते, म्हणजे दुरुस्त होते. त्या दिवशी पेचकस मुठीपर्यंत आत गेला. दुसऱ्या ठिकाणीही गेला. चेसिस पापडासारखी झाली होती. बाहेर हिरामण चहाचा कप घेऊन उकिडवा बसलेला, मला त्याचे फक्त गुडघे आणि कप दिसत होता. "कसं काय, मिस्त्री? बनते ना?" मी बोटानं ग्रीस काढलं आणि त्या भोकात लिंपलं. म्हणालो, "बनते. पण यंदा राहू दे. धान निघालं की पाहू."

का म्हणालो? त्याचं तोंड पाहवलं नसतं म्हणून. दुसरं काही मोठं कारण नाही. वाटलं, वर्षभरात त्याचा नाद सुटेल. नाही सुटला. दर वर्षी धान निघालं की बोलावणं यायचं, मी जायचो, खाली शिरायचो, उगाच दोन ठोके मारायचो, आणि पुढच्या सालावर ढकलायचो. मग गरम भात, मासोळीचा रस्सा, "हाय जागेवर", आणि मी कुडव्याला परत. चाळीस वर्षं लोकांच्या गाड्या पाहतोय, तोंडावर सांगतो, विकून टाक, भंगार आहे. कोणी रागावलं तरी पर्वा नाही करत. एका माणसाला मात्र सांगू शकलो नाही, आणि तो माझ्या शब्दावर सहा वर्षं सायकल मारत राहिला. दुसरी गाडी घे म्हटलं की म्हणायचा, कायले? जीप बनूनच तं राहिली.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर सुजाताचा पुन्हा फोन आला. ती नागपूरला नर्स आहे. दोन दिवस रजा उरली होती. म्हणाली, "काका, गाडी पाहून सांगा. बनत असंल तं बनवून टाकू, मी चालवाले शिकतो. नाई तं आई म्हणते, नेऊन टाका. खाली साप निंगून राहिले." मी खडू आणि पेचकस घेऊन गेलो. पाळीवर गवत, गवतात जीप, चाकाखाली धोंडा. सुजाता बापासारखीच उकिडवी बसली. मला तिचे गुडघे दिसत होते. पेचकस टोचत गेलो. खडूच्या दोनच रेघा पडल्या. मग हाताला काहीतरी कडक लागलं. माझंच ग्रीस होतं ते. सुकून, मातीचा थर बसून काळं झालेलं. नखानं खरवडलं तर खपली निघून तोंडावर पडली.

बाहेर आलो आणि म्हणालो, "नाही बनत, बाई."

"केव्हापासून?"

तिनं असं विचारावं हे मला अपेक्षित नव्हतं. नर्स आहे, कशाला किती दिवस झालेत हे ती पहिल्यांदा विचारत असेल. खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. म्हटलं, "सहा वर्षं झाली. पहिल्या दिवसापासूनच."

ती उठली, घरात गेली, आणि लाकडी खोकं उचलून आणून माझ्यासमोर ठेवलं. आत काय ते आकारावरूनच कळलं: ब्रेकचे शू, वॉटर पंप, ऑइल सील, प्लग, एक अख्खा सेल्फ. प्रत्येक वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधलेली. "दर साली एक-दोन आणत होते. मिस्त्रीले पुढच्या साली सामान शोधत बसा लागू नये म्हणत." मग म्हणाली, "काका, मंग बाबाले काऊन नाई सांगतलं?"

 वहिनी दारात उभी होती, ती म्हणाली, "सांगतलं असतं तं आयकलं असतं का त्यायनं? जाऊ दे ना बापा." ती मला सोडवत होती. पण सुजाता माझ्याकडंच पाहत होती आणि तिचं बरोबर होतं. ऐकायचं की नाही हे त्याचं त्यानं ठरवलं असतं. सांगणं माझं काम होतं. मी म्हणालो, "चुकलं माझं." ती खोकं तिथंच ठेवून आत गेली, आणि मी तिथं बसून ते पुडे सारखे लावत राहिलो... मोठे खाली, लहान वर.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला ट्रॅक्टर घेऊन आला. गाव जमलं. साखळी बांधायच्या आधी धोंडा काढायला मीच पुढं झालो. लोक बाजूला सरले, पोरासोरांना मागं ओढलं, कारण धोंडा निघाला की गाडी सुटणार हे कामठ्यात लहान लेकरालाही ठाऊक. दोन्ही हातांनी जोर लावून धोंडा ओढला आणि उडी मारून बाजूला झालो. जीप जागची हलली नाही. चाकं ब्रेकच्या ड्रममध्ये गंजून कधीचीच धरून बसली होती. ती गाडी त्या धोंड्यावर अडलेली नव्हतीच. किती वर्षं नव्हती कोण जाणे, आणि हा माणूस रोज संध्याकाळी टाचेनं लाथा मारून "हाय जागेवर" म्हणत होता. त्याला हे कळत नव्हतं का? की सगळंच कळत होतं, माझ्या ग्रीससकट? हे आता मला कोणी सांगणार नाही. ट्रॅक्टरनं गाडी फरफटत नेली, पाळीवर दोन लांब चऱ्या पडल्या. धोंड्याचं काय करायचं म्हणून मी वहिनीकडं पाहिलं. ती म्हणाली, "राहू द्या तिथंच, भाऊजी." मी तो होता तिथं परत ठेवला. तेव्हाही मला रडू आलं नाही. गाडी निघताना गावातल्या बाया रडल्या. मी मात्र साखळीचा हूक नीट बसला की नाही ते पाहत होतो.

खोकं माझ्याकडं आहे. सुजातानंच जाताना गॅरेजात आणून ठेवलं. "दुसऱ्या कोणाच्या गाडीले लागलं तं लावजा," म्हणाली. आवाज जरा मऊ झाला होता, असं मला वाटलं, किंवा वाटावंसं वाटलं. अजून मी एकही सुतळी सोडलेली नाही.

मागच्या आठवड्यात काही काम नसताना कामठ्याला गेलो. वहिनी चुलीपाशी होती. संध्याकाळ झाली, मी पाय धुतले आणि सहज पाळीवर चढलो. चऱ्यांमध्ये गवत उगवायला लागलं होतं. जीप उभी होती तेवढा तुकडा उघडा, तेलकट, आणि त्याच्या टोकाला काळा धोंडा. कोणी लावून दिल्यासारखा, समोर काहीच नाही. मी टाचेनं दोन लाथा हाणल्या. घट्ट होता. घराकडं तोंड केलं आणि ओरडलो, "हाय जागेवर!" आत ताट वाजलं. मग मी तिथंच, त्या धोंड्यावर खाली बसलो, आणि वहिनी दिवा घेऊन पाळीवर येईपर्यंत रडत होतो.