मिशी धरून नेलेलं झुरळ

दसरू आयुष्यात कुणाशी भांडला नाही. म्हणून तर त्याचं लग्न होत नव्हतं.

त्र्याऐंशी सालची गोष्ट. मार्कंड्याच्या देवळापल्याडच्या जंगलातला हा गोंड घरचा पोरगा कोलूकडे लमझना म्हणून राहिला होता. लमझना म्हणजे होणाऱ्या सासऱ्याच्या घरी राबायचं आणि मुदत भरली की पोरगी मिळवायची. मुदत कधीच भरली होती. पण कोलू पक्का बिलंदर! कधी म्हणे तेंदूची पानतोड उरकू दे, कधी म्हणे धान निघू दे. लग्न लावलं तर फुकटचा गडी जाईल, एवढं न कळायला तो काही खुळा नव्हता. खुळा दसरूच. कोलूच्या पोरीवर, मंगलीवर, त्याचा जीव होता आणि ती हातची जाईल या धास्तीने तो प्रत्येक वेळी मान डोलवायचा.

एका दुपारी गोठ्यात शेण काढताना त्याला हिरवी चकचकीत गांधीलमाशी दिसली. आपल्याहून थोराड झुरळावर ती तुटून पडली. एक डंख छातीत, दुसरा नेमका डोक्यात. मग तिने त्याच्या मिशा अर्ध्यावर कुरतडल्या, त्यातला रस चाखला आणि कासरा धरून बैल न्यावा तसं उरलेला खुंट धरून त्याला चालवत निघाली. पुढचं दसरूला ठाऊक होतं. भिंत लिंपताना असं एक खड्यांनी बुजवलेलं भोक त्याने उकरलं होतं. माशी झुरळाच्या पायावर अंडं घालते आणि अळी त्याला जितंच आतून खाते.

त्याला दया आली. काडीने माशी हुसकून तो म्हणाला, "पळ लेका!"

झुरळ पळेना. सहाच्या सहा पाय शाबूत, पण हे आपलं तोंड पुसत बसलं. माशी परत आली, मिशी धरली, की निघालं मुकाट.

"पाय तं धड आहेत त्याचे," शेणाची पाटी न्यायला आलेली मंगली म्हणाली. "मंग काऊन पळत नाई?"

"डोक्यात डंख बसला न त्याच्या."

"अन् तुह्या?"

इतक्यात ओसरीवरून कोलू ओरडला, "दसरू! बैलं सोड!"

दसरूचा हात आपसूक दाव्याकडे गेला. ते पाहून त्याची त्यालाच शिसारी आली. तो तडक ओसरीवर गेला.

"मामा, बैलं तुमीच सोडा. मी मंगलीले घिऊन घरी चाललो."

"अबे, धान उभं आहे!"

"तेबी तुमीच कापा."

मंगली आतून बोचकं घेऊन आली. ते तिने कधीचं बांधून ठेवलं होतं.

"किती वाट पाह्यली तुही," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. मग तिने त्याचं मनगट धरलं, आणि दसरू निघाला मुकाट.