लवंगीच्या अंगावरचा विंचू

आमच्या पेठेत कुणालाही विचारा, तो छातीठोक सांगेल की वर्षाराणीनं म्हैस जिन्यानं वर चढवली. पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत. म्हैस वर गेली ती उतरेना, म्हणून मग क्रेन मागवली. कोपऱ्यावरचा पानवाला तर क्रेनचा आवाजसुद्धा काढून दाखवतो. अगदी वाईट काढतो. क्रेन अशी कण्हत नाही.

खरं म्हणजे ती म्हैस जिन्याच्या पहिल्या पायरीलाही शिवलेली नाही. उलट वरच्या बायकाच खाली उतरून गोठ्यात आल्या.

वर्षाराणी म्हणजे आमच्या शेजारची वर्षाआक्का. लग्न होऊन गारगोटीला गेली आणि परत आली. का आलीस म्हणून कुणी विचारलं की म्हणायची, "पाणी मानवलं न्हाय," आणि म्हशीपुढं वैरण टाकायला वळायची. विचारणारा मग म्हशीच्या शेपटीकडं बघत उभा. तेव्हापासून गोठा तिच्याच अंगावर. धारा तीच काढते, पेंडीचं आंबोण तीच भिजवते, रेडकाला जंत झाले तर औषध तीच पाजते. पण दारावरची पाटी 'सम्राट दूध डेअरी', दुधाच्या किटल्यांवर 'सम्राट', गाडीच्या मागं 'सम्राट'. सम्राट म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तो सकाळी उठतो तेव्हा गिऱ्हाईक दूध पिऊन कामाला गेलेलं असतं.

आक्का गोठ्याच्या भिंतीवर हुरमुंजीच्या लाल रंगानं मोर काढायची. दुधाला येणाऱ्या प्रियदर्शनी मॅडमनी ते बघितले. मॅडम मूळच्या कुरुंदवाडच्या, इथं कॉलेजात चित्रकला शिकवतात. गिरणीच्या वरच्या खोलीत त्यांचा बायकांचा चित्रांचा गट आहे, नाव 'पाचजणी'. चारच होत्या, पण मॅडम म्हणायच्या, पाचवी येईल. पाचवी आक्का झाली.

दिवाळीच्या आधी ठरलं की प्रत्येकीनं आपल्या माहेरचं, आईकडनं आलेलं काहीतरी घेऊन त्यावर काम करायचं. चौघींतल्या चंदनानं आजीची तांदळाची नक्षी घेतली, जैनांच्या बस्तीत देवापुढं मांडतात ती. मॅडम 'वारसा' हा शब्द म्हणायच्या आधी विहिरीत उडी मारणार असल्यासारखा श्वास घेतात. तसा घेतला आणि म्हणाल्या, "मैत्रिणींनो, वारसा आपल्या आत असतो. आपण त्याला फक्त वाट करून द्यायची."

मागनं आक्का म्हणाली, "मॅडम, आमचा आत न्हाय, गोठ्यात बांधलाय. वर आणू काय?"

असा हशा पिकला की खालची गिरणी थांबली. गिरणीतल्या बायकांनी ते ऐकलं, आणि संध्याकाळपर्यंत पेठेत म्हैस वर चढली होती.

पण आक्का थट्टा करत नव्हती. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून चौकात आणतात. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्या घालायच्या, आणि अंगावरचे केस नक्षीत भादरायचे, म्हणजे वस्तऱ्यानं असे काढायचे की काळ्या चकचकीत कातड्यावर चित्र उठून दिसावं. आक्काचे वडील जोतीरामआण्णा ह्यात पटाईत. ते भादरायचे तेव्हा म्हशीची मान धरून आक्का उभी. हात मानेवर, डोळे वस्तऱ्यावर. पण म्हशीवर काय यायचं? वाघ, पैलवान, मंडळाचं नाव, दादाचं नाव. बाईचं काही कधी नाही.

आक्कानं ठरवलं, लवंगी म्हशीवर आईच्या हातावरचं गोंदण काढायचं.

तिची आई तानाबाई. तिच्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत तुळशीवृंदावन, ठिपक्यांची रांग आणि एक विंचू. कातडी सुरकुतली तसा विंचूही आक्रसलेला. पाचजणी गोठ्यात जमल्या. तानाबाई उपड्या बादलीवर हात पुढं करून बसली. आक्कानं आधी खडूनं रेघ मारली.

"आगं, नांगी डावीकडं हाय! उजवीकडं कुठं वळवतीस?"

"आई, हात हलवू नगं."

"मी कुठं हलवतीय? म्हस हलतीय. तिला सांग की."

मॅडम पदर खोचून म्हशीची मान धरून उभ्या होत्या. चेहऱ्यावर भाव देवळातले आणि पाय शेणात. आक्काचा वस्तरा मात्र एकदाही थांबला नाही.

विंचू पुरा झाला आणि सम्राट आला. सम्राट बोलतो म्हणजे समोरचा नदीपलीकडं उभा असल्यासारखा बोलतो.

"हे काय केलंस? लवंगीवर 'सम्राट ग्रुप' यायचं ठरलंय! वाघ बी ठरलाय! चौकात पावणं इचारतील, ह्यो इंचू कुणाचा?"

"आईचा म्हणून सांग."

"आईचा? पोरं हसतील मला!"

"मग हसू देत. लवंगीची आई मेली तवा बाटलीनं दूध पाजून हिला कुणी वाढवलं? तुझ्या ग्रुपनं?"

सम्राटनं आवाज उतरवला. म्हणजे त्याच्या हिशोबानं उतरवला, बाकीच्यांना ते ओरडणंच वाटलं असतं. "बरं. पाडव्याला चौकात म्हस तू फिरवायची. गड्यांवानी. ती तुझ्या मागं पळत आली तर ऱ्हाऊ दे इंचू, आणि दरसाल तू म्हणशील ते काढ. न्हाय आली, तर त्याच सांजला वस्तरा फिरवतो. गुळगुळीत करतो लवंगीला. परत गोठ्यात चित्रं न्हाईत, भित्तीवर बी न्हाईत."

"चालंल," आक्का म्हणाली. वस्तरा पुसला आणि धारेला बसली.

चौकातली रीत अशी. मालक पुढं मोटरसायकलवर, सायलेन्सर काढलेला, आणि तो ओरडतो, "हुर्रर्र, ये लवंगेऽऽ!" ती आरोळी ओळखून म्हैस गर्दीतनं त्याच्या मागं पळते. हलग्या वाजत असतात, पोरं शिट्ट्या मारत असतात. त्यात आवाज पोचवायचा म्हणजे गळा पाहिजे. आक्काचा आवाज कसा, तर कढईतलं पाणी आटत आल्यासारखा. बारीक, मध्येच बसणारा. मला पेठेतले सगळे आवाज काढता येतात, तिचा निघत नाही, कारण काढायला त्यात काही नाहीच.

पाडव्याला सकाळी मी तिला म्हटलं, "आक्का, पैज. लवंगी काय तुझ्या मागं येत न्हाय. म्हस वाईट न्हाय, तुझा आवाजच तिथवर पोचायचा न्हाय."

"काय लावतीस?"

"मी हरले तर तुळशीच्या लग्नापतुर गोठ्यातलं शेण मी काढीन. तू हरलीस तर रोज मला खरवस."

"रोज खरवसाला रोज म्हस व्याया पाहिजे गं," ती म्हणाली. "पण लाव."

चौक फुलून गेला होता. गिरणीच्या पायऱ्यांवर पाचजणींतल्या चौघी, मधे तानाबाई, हात पदरात झाकून. एकामागनं एक म्हशी गाड्यांच्या मागं पळून गेल्या. लवंगीची पाळी आली. तेल लावलेली कूस चमकत होती आणि त्यावर तो विंचू. खुर्च्यांवरची माणसं उठून बघायला लागली.

आक्का गाडीवर बसली नाही. लवंगीच्या कपाळावर हात ठेवला, कासरा काढून टाकला, पाठ फिरवली आणि चालायला लागली. आरोळी नाही, हूं नाही, चूं नाही. एक हात मागं, तोही रिकामा.

"आवो बाई, म्हस मागंच ऱ्हायली!" कुणीतरी ओरडलं. पोरं हसली. सम्राट तोंडाशी हात नेऊन उभा होता, आरोळी द्यावी की न द्यावी अशा बेतात. लवंगी कान मागं टाकून थिजलेली. शेजारी एक गाडी फाडफाड वाजली. मॅडम किंचाळल्या, "वर्षाराणी, हाक मार!"

तिनं वळूनही बघितलं नाही. चालत राहिली, खांदे ताठ. कोपऱ्यावर पोचली, तिथनं पुढं ती लवंगीला दिसणार नव्हती.

आणि लवंगी निघाली. आधी चार पावलं टाकली, मग पळाली. हलगीवाले बाजूला झाले. खुरांचा आवाज आला तशी आक्काही पळायला लागली, एक चप्पल चौकातच राहिली. सम्राट दोघींच्या पुढं धावत, हात पसरून गर्दी हटवत होता, "सरका, सरका! आक्काची म्हस हाय! आक्काची म्हस!"

पायऱ्यांवर तानाबाईनं हात पदरातनं बाहेर काढला आणि शेजारच्या अनोळखी बाईपुढं धरला. "ह्यो बघ, ह्योच. नांगी डावीकडं."

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी गोठ्यात गेले. आक्का धारेला बसली होती.

"तुला ठावं हुतं व्हय ती येणार म्हणून?"

"ठावं कुठलं."

"मग हाक का मारली न्हाईस?"

"रोज पहाटं तिला पाण्यावर न्हेते. सगळी पेठ झोपलेली असती. तवा कधी हाक मारलीया? मी पुढं चालती, ती मागनं येती." धारेचा आवाज किटलीत बदलला, भरत आली होती. "तुझा कान लई पक्का गं. पण लवंगी कानानं येत न्हाय."

मग हनुवटीनं कोपऱ्याकडं दाखवलं. "फावडं तिथं हाय. शेणाची पाटी भायेर. आणि तोंडानं आवाज काढत बसू नगंस, धार आटती."