सौद्याच्या सकाळची मालिश

मामांना फुटबॉलमधलं फारसं कळत नसे, आणि ते लपवायचा त्यांनी कधी प्रयत्नही केला नाही. गोल झाला की टाळ्या वाजवत, पण नजर असे ती गोल मारणाऱ्याच्या पायाकडे. उडी मारून नीट उतरला ना, टाच टेकली ना, एवढंच ते बघत. ते क्लबचे मालिशवाले. उभी हयात त्यांनी या एका क्लबच्या खेळाडूंची अंगं रगडण्यात घालवली होती. स्टँडखालची खोली, तिच्यात एक लांब टेबल, दोन स्टुलं, पाणी तापवायची शेगडी आणि भिंतीत मुरलेला तेलाचा वास, हाच त्यांचा संसार. घरचा संसार मामी बघत, आणि तो आपल्यावाचून कुठे अडत नाही, असं मामा चारचौघांत कौतुकाने सांगत. मामी ऐकून घेत. दुसरं काय करणार?

क्लब वरच्या लीगमध्ये होता तेव्हा सगळंच वेगळं होतं. टीव्हीवाले सामने दाखवत, त्याचा पैसा सगळ्या क्लबांना वाटून मिळे, आणि तो तिकिटांच्या गल्ल्यापेक्षा कितीतरी जास्त असे. मालक मूळचे फरशीचे व्यापारी. एकदा फरशी बसवली की ती हलत नाही, तसाच टीव्हीचा पैसाही कायमचा बसला, असं त्यांनी धरून चाललं. पुढच्या काही हंगामांचा वाटा त्यांनी बँकेकडे गहाण टाकला आणि त्या कर्जातून तीन परदेशी खेळाडू आणले. एकाला हवा मानवली नाही, दुसऱ्याला प्रशिक्षक मानवला नाही, आणि तिसरा खरंच बरा खेळत होता तर त्याचं हाड मोडलं. हंगाम संपता संपता क्लब खालच्या लीगमध्ये घसरला. तिथले सामने टीव्हीवर बघतो कोण? पैसा आटला, बँक मात्र होती तिथेच राहिली. आधी महागडे खेळाडू गेले, मग संघाची बस गेली, मग शिकून आलेला फिजिओ गेला, आणि मग उरलेल्यांचे पगार थांबले.

फिजिओ गेला तेव्हा मामांना आतून जरा बरंच वाटलं होतं, हे खोटं कशाला सांगा. तो पोरगा सारखा बर्फाच्या पिशव्या घेऊन फिरायचा. मामांच्या मते बर्फ लावायचा तो माशाला. माणसाच्या अंगाला ऊब लागते.

विकण्यासारखा आता एकच खेळाडू उरला होता, लांब्या. पुढच्या फळीत खेळणारा, ताडमाड उंच, बोलायला कमी. मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हापासून तो मामांच्या टेबलावर पालथा पडत आला होता. त्याचा उजवा गुडघा जुना दुखरा. प्रत्येक सामन्याआधी मामा त्याला शेक देत आणि मग अंगठ्यांनी असा रगडत की बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. लांब्या दातावर दात ठेवून पडून राही आणि उठताना मामांच्या पायाला हात लावी. "हा माझ्या हातावर उभा आहे," असं मामा मामींना सांगत. मूलबाळ नव्हतं त्यांना, त्यामुळे हे वाक्य मामी कधी खोडत नसत.

खेळाडूंचा बाजार ठरावीक काळ उघडा असतो आणि शेवटच्या संध्याकाळी धाडकन बंद होतो. त्यानंतर कुणी कितीही पैसे मोजायला तयार असो, सौदा होत नाही. त्या वर्षी बाजार बंद व्हायच्या आदल्या दिवशी वरच्या लीगमधल्या एका मोठ्या क्लबने लांब्याला मागितलं. क्लबचे सेक्रेटरी धावतच कपडे धुण्याच्या खोलीत आले. तिथे सगळे जण चहाला जमायचे.

"उद्या त्याची डॉक्टरी तपासणी," ते म्हणाले. "पास झाला तर बँकेचा हप्ता जाईल, तुमचे पगार होतील. नाही झाला तर लीग आपला परवाना रद्द करणार. मग मी पण घरी आणि तुम्ही पण."

कपडे धुणाऱ्या मावशींनी हात जोडले. मामांनी आपली पिशवी भरायला घेतली. लांब्याने सांगितलं होतं, मामा बरोबर असतील तरच जाईन.

सकाळी त्या मोठ्या क्लबच्या पाहुण्यांच्या खोलीत मामांनी गुडघ्याला हात लावला तर तो किंचित कोमट लागला. परवाचा सामना चिखलात झाला होता. आज सगळ्यांचं नशीब या एका सांध्यात अडकलेलं, आज कसर ठेवून कसं चालेल? त्यांनी पाणी नेहमीपेक्षा कढत केलं, शेक नेहमीपेक्षा लांबवला, आणि अंगठे मोडेस्तोवर रगडलं. लांब्या छताकडे बघत पडून होता. उठला, वाकून पाया पडला आणि दोघं लिफ्टने खाली गेले.

तपासणारी डॉक्टर तरुण होती, बोलायला मऊ. तिने दोन्ही गुडघे शेजारी शेजारी ठेवले आणि तिचा चेहरा बदलला. उजवा टरारून सुजला होता.

"आज काही लागलं का याला?" तिने विचारलं.

"जिन्यावरून पाय घसरला," लांब्या म्हणाला.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेले मामा चमकले. जिना तर त्या इमारतीत त्यांनी पाहिलाही नव्हता. हा असं का बोलतोय, त्यांना कळेना.

डॉक्टरने बरोबर आलेल्या सेक्रेटरींना आत बोलावून समजावलं. जुनी दुखापत आम्हाला माहीत होती, ती धरूनच भाव ठरलाय. पण ही सूज ताजी आहे. ती उतरल्याशिवाय विमा कंपनी सही करणार नाही, आणि उतरायला आठवडा लागेल. आठवडा कुणाकडे होता? बाजार संध्याकाळी बंद होत होता. सेक्रेटरींनी फोनवर हातापाया पडून पाहिलं. दुपारी त्या क्लबने दुसरीकडचा एक खेळाडू घेतला आणि लांब्याला निरोपाचा चहा दिला.

निघताना मामांनी डॉक्टरला गाठलं.

"डॉक्टर, शेकाने सूज येते का हो?"

"दुखऱ्या गुडघ्याला गरम शेक, वर रगडणं? येणारच. का, कुणी केलं तसं?"

"नाही," मामा म्हणाले. "सहज विचारलं."

परवाना गेला. मैदानाला कुलूप लागलं, मालक परत फरशीकडे वळले. शेवटच्या दिवशी कपडे धुण्याच्या खोलीत मावशी लांब्याच्या नावाने बोटं मोडत होत्या. "आमच्या सगळ्यांच्या पोटावर पाय आणला. धड जिना उतरता येऊ नये माणसाला?" मामांच्या हातात चहाचा कप होता. खरं सांगून टाकायला एवढी योग्य वेळ पुन्हा आली नसती. त्यांनी कप रिकामा केला आणि विसळून ठेवला.

त्यांना स्वतःची किळस आली, आणि ती घरी त्यांच्या मागोमाग आली. जेवण जाईना. मामींनी पुष्कळ दिवस वाट पाहिली आणि मग ताट बाजूला सारून समोर बसल्या. मामांनी सगळं सांगितलं.

"मला सांगून काय उपयोग," मामी म्हणाल्या. "त्याला जाऊन सांगा."

क्लब बुडाल्यामुळे लांब्या मोकळा झाला होता, आणि मोकळ्या खेळाडूला बाजाराची मुदत नसते. कुणीही त्याला फुकट घ्यावं. पण तपासणीत नापास झाल्याची बातमी त्याच्या आधी सगळीकडे पोचली होती. आता तो एका गोदामात खोकी चढवायचं काम करत होता. मामा पोचले तेव्हा तो बाहेर कट्ट्यावर बसला होता, उजवा पाय लांब करून. मामांना बघून उठू लागला.

"बस, बस," मामा म्हणाले. "तू घसरला नव्हतास."

"नाही."

"माझ्यामुळे झालं ते. मी त्या दिवशी जास्त रगडलं. आणि मी कुणाला बोललो नाही. लोक तुला शिव्या घालत होते आणि मी ऐकत बसलो." "तू तरी का लपवलंस?"

लांब्याने गुडघ्यावरून हात फिरवला.

"त्या दिवशीचं काही नव्हतं, मामा. ती दरवेळीच यायची."

"काय?"

"सूज. फिजिओने सांगितलं होतं मला, शेक अजिबात नको म्हणून. तुमची मालिश झाली की मी मागच्या न्हाणीत जाऊन बर्फ लावायचो. सामन्यापुरती दबायची. त्या दिवशी मध्ये वेळच मिळाला नाही."

मामा त्याच्या शेजारी कट्ट्यावर बसले. इतकी वर्षं तो पोरगा दातावर दात ठेवून पडून राहायचा, ते मामांना त्याला बरं वाटत असल्याचं लक्षण वाटत आलं होतं.

"मग नको म्हणायचंस की रे."

"तुम्हाला कसं म्हणणार?"

आतून कुणीतरी लांब्याला हाक मारली. तो भिंतीला धरून उठला. मामांनी त्याची बाही पकडली. विचारू नये असं त्यांना वाटत होतं, तरी त्यांनी विचारलं.

"बाकीचे पण जायचे न्हाणीत?"

लांब्याने त्यांच्याकडे बघितलं नाही.

"तुम्ही फार मायेने करायचात, मामा," तो म्हणाला आणि आत गेला.