उसन्या श्वासाचं गाणं

जगन लाउडस्पीकरवाल्याला मी ओळखत होतो असं म्हणणं जरा धाडसाचंच होईल. भोरला त्याचं दुकान माझ्या शिवणकामाच्या दुकानाला लागून होतं. मध्ये फक्त एक पत्रा. तो कधी जेवायला बसला, कुठल्या रेडिओवर चिडला, हे पत्र्यातून ऐकू यायचं. पण त्याचं मूळ गाव कोणतं, आईवडील होते की नव्हते, वायरींचं काम तो कुणाकडे शिकला, हे मी कधी विचारलं नाही. विचारू विचारू म्हणता वर्षं गेली. तेव्हा पत्र्यापलीकडून जेवढं कळलं तेवढंच सांगतो.

लग्नसराईत आणि जत्रेत भोंगे लावणं हा त्याचा धंदा. पण जीव सगळा टेपरेकॉर्डरवर. मोठ्या चकत्यांचा, सेलवर चालणारा तो टेपरेकॉर्डर त्यानं पुण्याच्या जुन्या बाजारातून आणला होता. टेप म्हणजे तपकिरी रंगाची बारीक फीत. ती दाढीच्या पात्यानं तिरकी कापायची, नको तो तुकडा काढायचा आणि टोकाला टोक लावून मागून चिकटपट्टी मारायची. कुठं कापायचं ती खूण करायला तो माझा पांढरा खडू घेऊन जायचा. "मास्तर, तुमचं माझं काम एकच," म्हणायचा. "तुमी कापड बेतता, म्या आवाज बेततो."

बेतायचा तरी कसला कसला! वेल्ह्याच्या जत्रेत तंबूतल्या सिनेमाची जाहिरात बोलायचं काम त्याला मिळालं. आवाज भारदस्त हवा, म्हणून त्यानं एक रिकामा रांजण आणला, त्यात स्पीकर सोडला, रांजणाच्या तोंडाशी माईक धरला आणि आपलंच बोलणं पुन्हा टेप केलं. जत्रेत तो आवाज डोंगराकडून आल्यासारखा घुमला. "माताऽऽ भगिनींनोऽऽ" ऐकून एका म्हातारीनं आभाळाकडं बघून हात जोडले. पुढं "तिकिटं खिडकीवर" ऐकल्यावर तिनं जोडलेले हात सोडले आणि कपाळावर मारून घेतले.

त्याचे सासरे सावळाराम कामथडीचे. भीमजयंतीला भोरच्या मिरवणुकीत पुढं गाणारी पार्टी त्यांचीच. मी त्या पार्टीत मागं झील धरायचो, म्हणजे त्यांनी ओळ म्हटली की सगळ्यांबरोबर तीच ओढायची. मागच्या रांगेत उभं राहिलं की आपण गातोय का नुसतं तोंड हलवतोय हे कुणाला कळत नाही, म्हणून मला ते जमायचं. सावळारामांचा आवाज मात्र असा की भाटघर धरणाच्या भिंतीवर उभे राहिले तर दोन्ही काठांना ऐकू जावा.

त्यांनी मुलीच्या, रतनच्या, लग्नात शिलाईचं मशीन दिलं होतं. जगननं ते देऊन टेपरेकॉर्डर आणला, हे त्यांना सहा महिन्यांनी कळलं. त्यांनी त्याच दिवशी रतनला कामथडीला नेलं. जाताना रस्त्यात उभे राहून म्हणाले, "जावईबापू, हे खोकं चार माणसांत एक तरी धड काम करील, तवा पोरगी माघारी येईल. तवर बसा फीत गुंडाळत."

जगन हसला. पण त्यानंतर पत्र्यातून शिव्यासुद्धा ऐकू येईनात.

त्या वर्षी मार्चमध्ये सावळारामांचा घसा बसला. साधा नाही, चांगलाच. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर तोंड बंद, बोलायचं तर कुजबुजून. जयंती तोंडावर. जयंती कमिटीच्या बैठकीत लोक म्हणू लागले, यंदा पुण्याचा बँड आणू. एकदा बँड आला की पार्टीची जागा गेली, हे सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा जगन उठला आणि म्हणाला, "मामांचं गाणं माज्याकडं हाय. थंडीत टेप केलंय. नुसता गळा, ढोलकी न्हाई. भोंग्यातनं मामा गातील, ढोलकी समोर वाजंल, झीलकरी मागं धरतील."

सावळारामांनी जावयाकडं बराच वेळ बघितलं आणि मान हलवली. होय म्हणून की कर्म माझं म्हणून, ते कळलं नाही.

जगननं टेप भोंग्यावर लावून बघितली. आवाज उत्तम. पण सावळाराम प्रत्येक ओळीआधी जो श्वास घेत तो भोंग्यातून असा यायचा की एसटीनं ब्रेक दाबलाय. जगनला ते सहन होईना. दोन दिवस चकत्या हातानं पुढंमागं फिरवत तो बसला होता. पत्र्यातून म्हशीनं जांभई दिल्यासारखे आवाज येत होते. तो एकेक श्वास हुडकत होता, खडूनं खूण करत होता आणि कापत होता. शेवटी आत येऊन म्हणाला, "मास्तर, गाणं धुऊन इस्त्री केलं. एक सुरकुती न्हाई."

जयंतीच्या दिवशी सकाळी त्याच्या दुकानापुढं पार्टी जमली. कामथडीहून सावळाराम आले, त्यांच्याबरोबर रतनही. जगननं टेप लावली.

गाणं सावळारामांनीच रचलेलं, मुलीला शाळेत घालायचं. "पाटी घे गं, पेन्शिल घे गं, चल शाळेच्या वाटं." भोंग्यातून ते सुरू झालं आणि थांबेचना. एक ओळ संपायच्या आत दुसरी तिच्या पाठीवर. पोरगी शाळेत निघाली नव्हती, तिच्या मागं कुत्रं लागलं होतं. आम्ही झीलकरी माणसं सावळारामांबरोबर श्वास घेणारी. ते घेतील तेव्हा आपण घ्यायचा, ही जन्माची सवय. ते घेतच नव्हते, म्हणून आम्हीही घेईना. तिसऱ्या कडव्याला माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. शेजारचा रखमाजी खालीच बसला.

ढोलकीवाल्या भिमानं ढोलकी थोपवली. "आरं जगन, माजा ठेका कुणी गिळला? हितं अर्दा, तितं पाऊण!"

"आवाज कसा स्वच्छ हाय ते बघ की," जगन म्हणाला.

"स्वच्छ हाय. मेलेल्या माणसाला आंगुळ घातल्यावानी."

सावळारामांनी रतनच्या कानाशी तोंड नेलं. ती मोठ्यानं म्हणाली, "बा म्हणत्यात, मला मारून टाकलं ह्यानं." मग स्वतःचं म्हणून भर घातली, "मास्तर, त्यांना विचारा, श्वास कुठं टाकलं?"

जगन तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होता. पण नवराबायकोचं बोलणं बंद होतं, म्हणून मी विचारलं, "श्वास कुठं टाकले?"

"झाडून काढलं."

ते माझ्याच चिंध्यांच्या ढिगात गेले होते. आम्ही ढीग उपसला. कापडाच्या कात्रणांत बोटभर लांबीचे दोनतीन तुकडे सापडले, पण उलटे की सुलटे कळेना. एक जोडून बघितला तर सावळाराम ओळीआधी श्वास घेण्याऐवजी सोडायला लागले, गाण्याला कंटाळल्यासारखे. मग जगननं त्यांच्यापुढं माईक धरला. "मामा, नुसता श्वास घ्या." त्यांनी घेतला. बसलेल्या घशातून फाटक्या भात्यासारखी शिट्टी वाजली. ते स्वतःच हात हलवून बाजूला झाले.

मिरवणूक संध्याकाळी निघायची होती. कमिटीचा एक माणूस येऊन, "जमतंय का, का बँडवाल्यांना गाडी पाठवू?" असं विचारून गेला. जगन चकतीकडं बघत बसला.

सावळारामांना भिमानं चहाला नेलं. रतन मात्र उंबऱ्यात उभी राहिली.

"मास्तर, त्यांना सांगा, बा कुठं किती श्वास घेत्यात ते मला ठावं हाय. लहानपणापासनं त्यांच्या मागं बसून गातीया."

मी जगनकडं वळलो. "त्या म्हणतात—"

"आईकलं," जगन म्हणाला. "तिला म्हणावं, आत यावं."

ती आत गेली. मला जायचं होतं, पण जगननं माझ्या हातात माईक दिला आणि हलू नका म्हणाला. रतन ओळ मनातल्या मनात म्हणायची, ओठ हलवायची आणि नेमक्या जागी श्वास घ्यायची. "'पाटी'च्या आदी बारका. 'चल'च्या आदी मोठा, कारण 'वाटं' लांब वडायचं आसतं." पहिल्यांदा तिला हसू आलं. दुसऱ्यांदा मला आलं. तिसऱ्यांदा जगन हसला आणि म्हणाला, "मास्तर, तुमी नाकानं वाजताय. तेबी टेप झालं."

"त्यांना म्हणावं, मास्तरांस्नी बोलू नका," रतन म्हणाली.

"तिला म्हणावं, म्या बोलंन."

"मग माज्याशीच बोला की! मास्तरांच्या हाताला रग लागली."

तिथून पुढं माझं काम नुसतं माईक धरण्याचं राहिलं. तो कापत होता, ती चिकटपट्टीचे तुकडे बोटांवर चिकटवून पुढं करत होती. "हितं थोडं जास्ती," ती सांगायची. "आवं, बाचं पोट मोठं हाय, येवढ्यात भरायचं न्हाई." जेवायची कुणाला आठवण राहिली नाही.

मिरवणूक निघाली तेव्हा बैलगाडीवर भोंगा होता, भोंग्याखाली बॅटरी आणि टेपरेकॉर्डर मांडीवर घेतलेला जगन. सावळाराम त्याच गाडीत शेजारी बसले होते. टेप सुरू झाली. "पाटी घे गं—" आणि त्याआधी एक छोटासा, अगदी बारीक श्वास. भिमाची थाप बरोबर त्यावर पडली. आम्हीही श्वास घेतला आणि उचललं. मी त्या दिवशी खरंच गायलो, नुसतं तोंड हलवलं नाही. बायका गाडीमागून ओळ ओढू लागल्या, कमिटीवाले पुढं नाचू लागले. बँडचं नाव कुणी काढलं नाही.

सावळाराम आधी ओठ हलवत होते. दुसऱ्या कडव्याला ते थांबले. मान तिरकी करून ऐकू लागले. गाणं संपलं तसं त्यांनी जगनला बोटानं जवळ बोलावलं. मी गाडीची कड धरून चालत होतो, म्हणून कुजबूज ऐकू आली.

"गळा माजा हाय. श्वास माजा न्हाई."

जगन फीत मागं गुंडाळू लागला.

"रतनचा हाय. पाळण्यापासनं आईकतुया म्या. मला सांगाया काय झालतं?"

"तुमी न्हाई म्हणला असता, मामा."

"म्हणलोच असतो." सावळारामांनी टेपरेकॉर्डरवर एकदा हात ठेवला, गरम असेल म्हणून भीत ठेवावा तसा. "आता दरसाली श्वास न्याया कामथडीला येणार का तुमी? ऱ्हाऊ द्या तिला हितंच."

गाडीच्या मागून रतन म्हणाली, "बा, माजं गाठुडं सकाळपासनं मास्तरांच्या दुकानात हाय."

सावळारामांनी माझ्याकडं असं बघितलं की गाणं पुन्हा लागताच मी पहिली ओळ फार मोठ्यानं उचलली.

रतन राहिली. सावळारामांचा घसा पावसाळ्यात सुटला आणि पुढच्या जयंतीला ते स्वतः गायले, पण माईक मात्र जावयानं धरायचा असा त्यांचा हट्ट असे. जगनला नसरापूरपासून वेल्ह्यापर्यंत कामं येऊ लागली. कुणाचा खोकला काढायचा, कुणाच्या भाषणातली अडखळ. श्वासाला मात्र तो हात लावत नसे. नंतर त्यांनी वेल्ह्याकडंच कुठंतरी बिऱ्हाड केलं, पत्र्यापलीकडं किराणा मालाचं दुकान आलं. त्यांना मुलं किती झाली, तेही मला नक्की सांगता येणार नाही.

शेवटचा भेटला तो भोरच्या स्टँडवर. एसटीच्या टपावर उभा राहून भोंगे दोरीनं बांधत होता. मी खालून हाक मारली.

"कुठं?"

"गुंजवण्याला. लगीन हाय."

"रतनताई?"

"ती सकाळच्या गाडीनं गेली टेपचं मशीन घिऊन. तुमी?"

"कामथडीला. कपडे द्यायचेत."

"मग ह्याच गाडीनं चला की. खिडकीची जागा धरा, मास्तर. म्या आलो उतरून."

"बरं," मी म्हणालो. "दोरी घट्ट बांध."